अणूचा फोटो खरा की खोटा?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई रजेवर होत्या आणि आठवीचा तो तास माझ्या वाट्याला आला. मी शिकवते मराठी, तेही अर्धवेळ. "पुस्तक काढा, धडा मनात वाचा," एवढं सांगून वह्या तपासायच्या, असा माझा बेत. धडा अणूचा होता. कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "अणू डोळ्यांना दिसत नाही." त्याबरोबर मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

"बाई, पण मी अणूचा फोटो बघितलाय. दादाच्या मोबाईलवर."

वर्ग हसला. मीही हसले आणि वर म्हणाले, "मोबाईलवर काय, भुताचेसुद्धा फोटो असतात! बस खाली."

ती बसली. मग त्या तासाला तिनं पुस्तकातून मान वर केली नाही.

संध्याकाळी कुकर लावताना तिचा तो उतरलेला चेहरा काही डोळ्यांसमोरून हलेना. मनात आलं, तिला खोटं पाडायला माझ्यापाशी आधार काय होता? दहावीनंतर विज्ञानाचं पुस्तक मी हातात धरलेलं नाही. "अणू दिसत नाही" हे लहानपणी पाठ केलं होतं, तेवढ्याच भांडवलावर मी एका पोरीला गप्प बसवलं. मग विज्ञानाच्या बाई परत आल्यावर त्यांना गाठलं, वाचनालयातून पुस्तकं आणली आणि महिनाभर दुपारी थोडं थोडं वाचलं. जे समजलं ते आज तुम्हांला सांगते. कारण असा प्रश्न उद्या तुमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहून तुमचाही मुलगा किंवा मुलगी विचारेल, आणि तेव्हा तुमचाही हात पोळपाटावरच असेल!

अणू केवढा?

आधी अणू केवढा ते बघू. मंगळसूत्रातला एक लहान सोन्याचा मणी घ्या, साधारण तीन मिलिमीटर रुंदीचा. त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सोन्याचे अणू एका ओळीत मांडले, तर ते किती बसतील? सुमारे एक कोटी! मिठाईवरचा चांदीचा वर्ख आपण फुंकरीनं उडेल इतका पातळ म्हणतो ना? त्यातही अणूंचे शेकडो, कधी हजारो थर एकावर एक असतात. आपल्या डोक्यावरच्या केसाच्या जाडीत तीन लाखांच्या आसपास अणू सहज बसावेत.

खिडकीतून आलेल्या कवडशात धुळीचे कण नाचताना आपण सगळ्यांनीच पाहिलेत. वैशेषिक दर्शनात त्या कणाला त्रसरेणू म्हणतात आणि परमाणू त्याहून लहान मानतात. म्हणजे दिसतं त्याच्यापलीकडे आणखी बारीक काही आहे, हा विचार आपल्याकडेही फार जुना. पण कवडशातला कण म्हणजे अणू नव्हे बरं का! त्या एका कणात मोजता येणार नाहीत इतके अणू असतात.

"मग चांगली जाड भिंगं लावून बघायचं," असं तुम्ही म्हणाल. मलाही तसंच वाटलं होतं. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी दिसतात. मग भिंगं आणखी वाढवली तर अणू का दिसू नये? याचं उत्तर मला वाचून नीट कळेना. कळलं ते हातांनी करून बघितल्यावर. तुम्हीही करून पाहा.

एका ताटात साबुदाण्याचा एकच थर पसरा. वर जुन्या मलमलीचं फडकं अंथरा. आता एका वाटीचं बूड त्या फडक्यावरून हलकेच फिरवा. सपाट लागतं, दाणा वेगळा कळतच नाही. मग विणकामाच्या सुईचं टोक तसंच हलकेच फिरवा. एकेक दाणा टोकाला लागतो, चढ कळतो, उतार कळतो. दाणे तेच, फडकं तेच, बदललं ते चाचपणारं हत्यार.

प्रकाशाचं तसंच आहे. आपल्याला दिसणारा उजेड लाटांसारखा चालतो आणि त्याची एक लाट इतकी लांब असते, की तिच्यात दोन हजारांच्या आसपास अणू ओळीनं मावतील. अणूच्या मानानं उजेड म्हणजे वाटीचं बूड! त्याला एकेकटा अणू लागतच नाही, मग भिंग कितीही मोठं आणा. तेव्हा अणूचं रूप बघायचं, तर उजेडाचा नाद सोडून दुसरं, बारीक टोकाचं हत्यार शोधायला हवं. शास्त्रज्ञांनी तेच केलं.

ठिपक्यांची रांगोळी

हे पहिल्यांदा साधलं 1955 च्या ऑक्टोबरमध्ये, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीत. तिथले प्राध्यापक एर्विन म्यूलर आणि त्यांच्या हाताखाली डॉक्टरेट करणारे आपल्या भारतातले कंवर बहादूर, या दोघांनी. मला तर हे वाचून अंगावर काटाच आला. अणू पहिल्यांदा एकेकटे पाहणाऱ्या दोन माणसांमध्ये एक आपला! आणि ही गोष्ट मला शाळेत कुणी कधी सांगितली नव्हती.

त्यांनी टंगस्टन धातूची सुई घेतली. आपल्या जुन्या विजेच्या गोळ्यांत जी तार तापायची, त्याच धातूची. तिचं टोक अतिशय बारीक केलं, ते खूप थंड केलं आणि भोवती अगदी विरळ हेलियम वायू ठेवून सुईला विजेचा मोठा दाब दिला. सुईच्या टोकावर जिथं जिथं एखादा अणू जरा पुढं आलेला असतो, तिथं विजेचा जोर जास्त. तिथं पोचलेल्या हेलियमच्या कणातला एक इलेक्ट्रॉन सुई ओढून घेते आणि तो कण सरळ समोरच्या पडद्याकडे भिरकावला जातो. पडद्यावर तो आदळला की उजळ ठिपका उमटतो. एकेका अणूसमोर एकेक ठिपका.

त्या पडद्याची चित्रं पुस्तकात पाहा. कुणीतरी भल्या पहाटे अंगणात ठिपक्यांची रांगोळी घालायला घेतली आहे आणि रेषा जोडायच्या तेवढ्या राहिल्यात, असंच वाटतं. वर्तुळांत वर्तुळं आणि सगळे ठिपके जागच्या जागी. धातूच्या आत अणू किती शिस्तीत बसलेले असतात, ते मला या रांगोळीनं पटलं.

पण या पद्धतीत एक अडचण होती. जिचं चित्र हवं ती वस्तू स्वतःच सुईच्या टोकासारखी असावी लागते. सपाट पृष्ठभागाचं काय? त्यासाठी आणखी पंचवीस वर्षं जावी लागली.

न टेकणारी सुई

1981 साली स्वित्झर्लंडमधल्या झुरिकजवळ, आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत गेर्ड बिनिग आणि हाइनरिश रोरर यांनी जे यंत्र चालवून दाखवलं, ते थेट आपल्या साबुदाण्यावरच्या सुईसारखं होतं. फरक एवढाच, की ही सुई पृष्ठभागाला टेकतच नाही. दोहोंमध्ये जेमतेम दोन-तीन अणू मावतील एवढी फट ठेवतात.

मग तिला चढउतार कळतात कसे? सुईला थोडासा विजेचा दाब दिलेला असतो. खरं तर मध्ये फट असताना वीज वाहायला नको. पण इतक्या बारीक जगात इलेक्ट्रॉन मोठे विलक्षण वागतात. भिंतीवरून उडी मारण्याइतका जोर अंगात नसतानाही त्यांतले काही थोडे पलीकडे पोचतात, जणू मध्ये बोगदा असावा! म्हणूनच या यंत्राच्या नावात बोगदा आहे. त्याला स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप म्हणतात. यातली खुबी अशी, की फट अर्ध्या अणूएवढी जरी वाढली तरी हा प्रवाह सुमारे दहा पटींनी घसरतो. सुईखाली अणूचा उंचवटा आला की प्रवाह वाढतो, दोन अणूंमधली खाच आली की कमी होतो. प्रवाह सारखाच राहावा म्हणून यंत्र सुई वर-खाली करतं आणि ती किती वर गेली, किती खाली आली, याची नोंद होत राहते. भात मोकळा झाला का हे आपण एक शीत दाबून ओळखतो, तशी ती सुई सगळं ताट एकेक शीत करत चाचपून काढते.

इतकी नाजूक सुई हलवायची कशानं? हे ऐकून तुम्हांला गंमत वाटेल. शेगडी पेटवायचा आपला खटकन वाजणारा लायटर आहे ना, त्यात एक स्फटिक असतो. त्यावर दाब पडला की वीज तयार होते आणि ठिणगी पडते. हेच उलट केलं, म्हणजे तशा स्फटिकाला वीज दिली, की तो किंचित लांबतो किंवा आखडतो. विजेचा दाब अगदी थोडा थोडा बदलला, की त्याची लांबी अणूच्या मापानं बदलते. त्या यंत्रातली सुई अशाच स्फटिकांवर बसवलेली असते. रोज सकाळी चहा ठेवताना आपण हातात काय धरतो, याचा मला तोवर पत्ताच नव्हता.

कंपनांचा त्रास मात्र फार. कुणी जोरात चाललं, दार आपटलं, तरी सुईचा तोल जायचा. म्हणून सुरुवातीला ते दोघं रात्री, सगळं शांत झाल्यावर मोजमाप करत. पुढं त्यांनी सिलिकॉनच्या पृष्ठभागावरचे अणू मोजले. तिथं अणू नेमके कसे बसलेत, हे कोडं शास्त्रज्ञांना वीसेक वर्षं सुटलं नव्हतं. यंत्राच्या लेखणीनं कागदावर काढलेल्या वेड्यावाकड्या रेषा कापून त्यांनी एकीमागे एक उभ्या केल्या आणि त्यातून पृष्ठभागाचा उंचसखल नमुना तयार झाला. कात्री आणि कागद! 1986 साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळालं. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप बनवणारे एर्न्स्ट रुस्का हे त्या पारितोषिकाचे तिसरे मानकरी.

त्याच 1986 साली या यंत्राची धाकटी बहीणही जगापुढं आली. ती विजेच्या प्रवाहाऐवजी सुई आणि पृष्ठभाग यांच्यातल्या ओढीवर आणि रेट्यावर चालते. तिची कल्पना मुलांना घरी देता येते. फ्रिजवर चिकटवायच्या जाहिरातीच्या मऊ, चपट्या चुंबकपट्ट्या दोन घ्या. एकीची बारीक पट्टी कापून तिची मागची काळी बाजू दुसरीच्या काळ्या बाजूवरून ओढा. एका दिशेनं ती गुळगुळीत सरकेल, पण आडवी धरून ओढली की टकटक उड्या मारत जाईल. डोळ्यांना तिथं काहीच दिसत नाही, बोटांना मात्र चुंबकाचे पट्टे नीट मोजता येतात.

रंग कुणी भरले?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. हे फोटो खरे की खोटे?

पुस्तकांत आणि मोबाईलवर अणूंची जी चित्रं दिसतात, त्यांत निळ्या समुद्रावर तांबूस टेकड्या असतात, सोनेरी लाडू ओळीनं मांडलेले असतात. ते रंग अणूंचे नाहीत. मोजलेल्या उंचीप्रमाणे ते संगणकावर भरलेले असतात, नकाशात डोंगर तपकिरी आणि समुद्र निळा करतात तसे. टेकड्यांवर पडलेली सावलीही अशीच. डोळ्यांना समजायला सोपं जावं म्हणून.

शिवाय सुईला जे उंच लागतं, ते सगळं जसंच्या तसं अणूचं अंग असतं असंही नाही. जिथून इलेक्ट्रॉन सहज ये-जा करतात ती जागा सुईला उंच भासते. याचं उत्तम उदाहरण म्हणजे ग्रॅफाइट. आपल्या शिसपेन्सिलीत तेच असतं. त्याच्या पृष्ठभागावरचे अणू षटकोनांत बसलेले असतात, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे. पण या यंत्राच्या नेहमीच्या चित्रात त्यांतले एक सोडून एकच अणू उठून दिसतात. बाकीचे असतात तिथंच, पण सुईला ते नीट जाणवत नाहीत.

म्हणजे चित्र खोटं का? नाही हो. नकाशात मुंबई-पुणे एका बोटाच्या अंतरावर असतात आणि समुद्राला रंग दिलेला असतो, म्हणून आपण नकाशाला खोटं म्हणत नाही. तो वाचायचा कसा, हे ठाऊक असावं लागतं. डॉक्टरांच्या सोनोग्राफीतलं पोटातलं बाळही उजेडानं काढलेलं नसतं, आवाजाच्या लहरींनी चाचपून काढलेलं असतं. तरी ते बघून डोळे भरून येतातच की!

आणि खरेपणाची आणखी एक कसोटी आहे. ज्याला नुसतं बघता येतं ते भास असू शकेल, पण ज्याला उचलून दुसरीकडे ठेवता येतं त्याला काय म्हणाल? 1989 साली अमेरिकेत आयबीएमच्याच डॉन आयग्लर यांनी अतिशय थंड केलेल्या निकेलच्या तुकड्यावर झेनॉनचे 35 अणू त्या सुईनं एकेक करून सरकवले आणि त्यांतून कंपनीच्या नावाची तीन इंग्रजी अक्षरं मांडली. 2013 साली तर त्याच कंपनीच्या मंडळींनी कार्बन मोनॉक्साइडचे रेणू असेच सरकवून, दरवेळी नवं चित्र घेऊन, चेंडू खेळणाऱ्या मुलाचा चिमुकला चित्रपट केला. 242 चित्रांचा! रांगोळीचे ठिपके पुसून दुसरीकडे मांडावेत तसं.

तिनं पाहिलेला फोटो

इतकं सगळं कळल्यावर मी एके दिवशी मधल्या सुट्टीत त्या मुलीला बोलावलं आणि विचारलं, "तू कुठला फोटो बघितला होतास गं? टेकड्यांसारखा होता का?"

ती आधी बोलेचना. मग हळूच म्हणाली, "नाही बाई. काळोख होता. दोन सुया होत्या, आणि मध्ये एक जांभळा ठिपका."

मी ओळखलं. पुस्तकं चाळताना तो फोटोही मला भेटला होता आणि तो तर शब्दशः फोटो आहे! ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या डेव्हिड नॅडलिंगर या संशोधक विद्यार्थ्यानं 2017 साली तो साध्या कॅमेऱ्यानं काढला आणि 2018 साली ब्रिटनमधल्या विज्ञान छायाचित्रांच्या स्पर्धेत त्याला पहिलं बक्षीस मिळालं. विजेच्या क्षेत्रात स्ट्रॉन्शियमचा एकच अणू तरंगत धरून ठेवला होता. दोन बाजूंच्या सुयांच्या टोकांत अंतर दोन मिलिमीटर. त्यावर निळसर जांभळा लेसर सोडला, की तो अणू प्रकाश शोषतो आणि पुन्हा बाहेर टाकतो, सेकंदाला लक्षावधी वेळा. कॅमेऱ्याचं झाकण बराच वेळ उघडं ठेवलं, की तो ठिपका उमटतो.

मग उजेडानं अणू दिसत नाही त्याचं काय? इथंच बारकाईनं बघायला हवं. त्या ठिपक्यात अणूचा आकार दिसत नाही. दूरच्या टेकडीवरच्या देवळातला दिवा आपल्याला रात्री दिसतो. तेवढ्यावरून तो समई आहे की निरांजन, वात एक की पाच, हे सांगता येतं का? दिवा आहे आणि अमुक ठिकाणी आहे, एवढंच कळतं. तसंच हे. एकटा अणू तिथं आहे, हे तो ठिपका सांगतो. तो कसा आहे, हे नाही सांगत.

म्हणजे पोरगी अगदी बरोबर होती, आणि मी पार चुकले होते.

पुढच्या तासाला मराठीचा धडा बाजूला ठेवून मी वर्गाला हे सांगितलं. आधी म्हटलं, "त्या दिवशी मी हिला खाली बसवलं, ते चुकलं. फोटो खरा आहे." वर्ग एकदम चिडीचूप झाला. खरं सांगते, हे वाक्य उच्चारायला मला साबुदाण्याच्या सगळ्या प्रयोगापेक्षा जास्त धीर लागला. मग ताट, फडकं, सुई काढली आणि सगळ्यांना एकेकदा फिरवू दिली.

तेव्हा मैत्रिणींनो, मुलांनी असं एखादं चित्र आणून दाखवलं, तर "खरं की खोटं" एवढ्यावर थांबू नका. त्यांच्याबरोबर बसून तीन गोष्टी विचारा. हे कशानं पाहिलं, उजेडानं, विजेच्या प्रवाहानं की आणखी कशानं? यातले रंग वस्तूचे की माणसानं भरलेले? आणि हे केवढ्याचं केवढं केलेलं आहे? अणूच्याच नव्हे, चंद्र-मंगळाच्या, पोटातल्या जंतूंच्या, कुठल्याही अचंब्याच्या चित्राला हे तीन प्रश्न लागू पडतात. ज्या फोटोबरोबर यांची उत्तरं मिळत नाहीत, तो पुढं पाठवण्याआधी जरा थांबावं.

तास संपता संपता त्या मुलीनं पुन्हा हात वर केला. "बाई, मग अणूच्या आतलं केंद्रक या सुईला लागतं का?"

मला ठाऊक नव्हतं. "मला माहीत नाही, विचारून सांगते," असं म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या बाईंना विचारून सांगितलंही. नाही लागत. केंद्रक अणूहून हजारो पटींनी, कधी लाखभर पटींनी लहान असतं, त्याच्यापुढं ही सुई म्हणजे पुन्हा वाटीचं बूडच. ते चाचपायची हत्यारं वेगळी. ती कुठली, ते आम्ही दोघी आता वाचतो आहोत. तीन पानं तिची झालीत, माझं अजून पहिलंच चालू आहे.